नरनाळ्याच्या नाल्यातलं पानपाखरू

जैतून, तू गेल्यापासूनच्या या दीड महिन्यात तुझं चांगलं सांगणारे मले खूप भेटले. बाजारात भेटले, विहिरीवर भेटले. तुझ्या चाळिसाव्याले तुझ्या दारात बसलेल्या बाया तर उठायलेच तयार नव्हत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, जैतूनबीचा हात हलका होता, बांगडी कधी चढली ते मनगटाले कळत नव्हतं. एक म्हणाली, माह्या लग्नात तिनंच चुडा भरला. दुसरी म्हणाली, माह्या पोरीच्याही लग्नात तिनंच. मी ऐकत होती. खोटं नाही त्यात काही. पण त्यातल्या एकीलेही तुझ्या पाखराचं माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. पाखराचं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते मले तुझ्याजवळही कधी सांगता आलं नाही.

म्हणून आता कागद घेऊन बसली. फळं बांधायच्या रद्दीवरून अक्षरं जुळवत शिकलेली बाई मी, कुठं काना राहिला, कुठं वेलांटी चुकली, तर हसजो, पण ऐकून घेजो.

तू मनिहारीण, मी माळीण. तुझ्या डोक्यावर बांगड्यांची टोपली, माझ्या डोक्यावर केळी, पेरू आणि झेंडूची. अकोटात आपली घरं दोन गल्ल्यांवर, पण ओळख झाली ती नरनाळ्याच्या चढावर. पावसाळा सरला की दर गुरुवारी, जुम्मेरातीला, किल्ल्यावरच्या दर्ग्याले माणसं जायची. शहानूर गावातून पाऊलवाट चढते. मी फुलं नि फळं विकायले जायची, तू बांगड्या. वाट जिथं नाला ओलांडते तिथं एक मोठा उंबर आहे आणि त्याच्या बुडाशी एक सपाट दगड. दोघीही तिथं टोपली उतरवून दम खायचो. सहा-सात जुम्मेराती आपण एकमेकींशी बोललोच नाही. तुले वाटायचं ही माळीण मोठी तोऱ्याची आहे, मले वाटायचं ही मनिहारीण मोठी तोऱ्याची आहे. पुढं तूच मले हे सांगितलं आणि दोघी हसलो.

पहिला शब्द तूच बोलली. मी चुंबळ झटकत होती. तू हळूच म्हणाली, "हलू नको वं बाई."

मले वाटलं साप.

"साप नाई. त्या उंबराच्या खोडाकडे पाह्य."

"खोडच तर आहे."

"खोडावर काय आहे?"

"वाळलं पान."

"कोन्या झाडाचं?"

मी नीट पाहिलं. सागाचं वाटलं, पण एवढुसं. तपकिरी, मधोमध शीर, बाजूनं बारक्या शिरा, एका ठिकाणी बुरशीचा ठिपकाही. खाली टोक, वर देठ.

"सागाच्या पानासारखं आहे."

"मंग उंबराच्या खोडावर सागाचं पान काहून चिकटलं?"

मी त्यावर काही बोलणार, तेवढ्यात ते पान उघडलं. आतून गर्द मोरपंखी निळं, आणि त्यावर आडवा पट्टा, संत्र्याच्या सालीच्या रंगाचा. एक वेळ मिटलं, एक वेळ उघडलं, भुर्रकन उडालं आणि खाली पाचोळ्यात पडलं. मी टक लावून पाहत होती तरी दिसेना.

"गेलं," मी म्हटलं.

"ते कुठी नाई गेलं. तुहेच डोळे उठून गेले," तू म्हणाली. आणि बोटानं दाखवलं. माझ्या पायापासून हातभर अंतरावर ते बसलं होतं, शंभर पानांमधलं एक पान होऊन.

त्या दिवशी मी झेंडूची अर्धी टोपली न विकता घरी आणली. घरच्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पान पाहत बसली.

आता ज्याले कोणाले ते पाखरू पाहायचं असेल त्याले मी सांगू शकते, पण ते सारं तुझं शिकवणं आहे. माझा समज असा की फुलपाखरू म्हणजे फुलावरच. मी फुलं पिकवणारी, माझ्या मळ्यात पिवळी, पांढरी, ठिपक्यांची पाखरं दिवसभर नाचतात. मले थोडा रागच आला होता. मी तुले म्हटलं, "माह्या शेवंतीवर काहून येत नाई हे? शेवंतीत काय कमी आहे?"

"शेवंतीत काही कमी नाई. याले आंबलेलं पायजे. दारूच्या अड्ड्यावरच्या मानसावानी आहे हे. तू त्याच्यासमोर हार घेऊन उभी राहिली त ते कशाले पाहीन?"

हे तुले कळलं कसं, तर माझ्यामुळं. माझ्या टोपलीत लागलेलं फळ निघालं, म्हणजे एका बाजूनं सडू लागलेलं, तर मी ते विकत नव्हती, तुले देत होती. तू चांगलं तेवढं खायची आणि बाकीचं त्या सपाट दगडावर टाकायची. पुढच्या खेपेला येताना तू पाहिलं की त्या घाणीवर हे राजासारखं बसून आहे, सोंड खुपसून. दुसरी बाई असती तर माशा पाहून पुढं गेली असती. तू टोपली उतरवून बसली.

मग तू दोन पावसाळे त्याच्या मागं लागली. आश्विन-कार्तिकात बरं दिसते, असं तू म्हणायची, पाऊस सरल्यावर पण ओल असताना. किल्ल्याच्या वर, तळ्यांच्या काठी, मोकळ्यावर ते नसते. साग विरळ आहे तिथं कोरडं पडते, तिथंही नसते. डोंगराची घडी असते, नाला सावलीतून सावकाश वाहतो, वर ऊन आणि खाली गारवा, तिथं पाहायचं. ऊन नाल्याच्या तळाशी पोहोचलं की ते उतरते आणि सावल्या लांब झाल्या की जाते. खोडावर बसते ते डोकं खाली करून. आणि पाखरू शोधायचं नाही. ज्या झाडावर जे पान नसायले पाहिजे ते शोधायचं.

आणखी एक शिकवलं. माझ्या हातातल्या बांगड्या तू कोपराकडं सरकवल्या आणि चिंधीनं बांधल्या. "मीच भरल्या, मीच गप करते," म्हणाली. बांगड्या वाजल्या की ते उडते. जिच्या पोटाचा धंदा बांगडीच्या आवाजावर, तिनं पाखरासाठी बांगडीचं तोंड बांधलं. मले ते फार आवडलं होतं, पण म्हटलं नाही. तुझं कौतुक तोंडावर केलं की तू विषय बदलायची.

एकदा रानाच्या नाकेदारानं आपल्याले पकडलं. सरकारी राखीव रान, आणि दोन बाया तासभर नाल्यात बसून. त्यानं टोपल्या उलट्यापालट्या केल्या. लाकूड नाही, मध नाही, डिंक नाही.

"मंग रानात करून काय राहिल्या तुमी?"

"पान पाहून राहिलो, भाऊ," तू म्हणाली.

"पानं गावात नाईत काय?"

"गावातली उडत नाईत."

त्यानं तुझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दोन केळी उचलून चालता झाला. पुढच्या जुम्मेरातीला तोच आपल्या शेजारी बसून खोडाकडं पाहत होता. दिसलं तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेब आल्याशिवाय तो टोपी काढत नव्हता, तुले आठवते ना.

मास्तर यात कसे आले ते मी माझ्यासाठीच पुन्हा लिहिते. शाळेचे मास्तर पुण्याकडचे. त्यांच्या घरी भिंतीवर काचेच्या पेट्या, आणि पेट्यांत टाचणीले लावलेली पाखरं. फळं माझ्याकडूनच जायची त्यांच्या घरी. तू त्यांच्या बाईंच्या हातात बांगड्या भरत होती आणि मास्तर ओसरीवर एक मोठं इंग्रजी पुस्तक उघडून बसले होते. त्यात रंगीत चित्रं. तुझा हात थांबला. तू अर्धी चढलेली बांगडी तशीच सोडून म्हणाली, "मास्तर, हे आमच्या नरनाळ्यात आहे."

मास्तर हसले. वाईट हसले नाहीत. "अहो बाई, हे चिखलदऱ्याच्या उंचीवरचं आहे. या पुस्तकात इंग्रज साहेबांनी लिहिलंय. तुमच्या नरनाळ्यात नाही. तुम्ही वाळलं पान पाहिलं असेल."

"तेच त पाहिलं," तू म्हणाली.

ते पुस्तक जुनं होतं आणि मास्तर आपल्या भागातल्या रानांतल्या पाखरांची नवीन यादी करत होते. कोणतं पाखरू, कोणत्या रानात, कोणत्या महिन्यात. ती यादी ते कुठल्या मोठ्या गावाले पाठवणार होते, आणि ती छापली जाणार होती. तुले त्यात एकच गोष्ट हवी होती. त्या पाखरापुढं चिखलदऱ्यासोबत नरनाळाही लिहिला जावा. इतक्या वर्षांच्या ओळखीत तू कधी कोणाजवळ काही मागितलेलं मले आठवत नाही. हे मागितलं.

मास्तर म्हणाले, डोळ्यानं पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. ते बरोबरच होतं. पण तू आधी काय केलं, तर चिखलदऱ्याले गेली. अकोटाहून अंजनगाव, अंजनगावाहून परतवाडा, पुढं घाट चढून. साहेबांच्या बंगल्यांवरच्या आयांना बांगड्या विकल्या आणि दुपारी दरीतल्या झऱ्यापाशी बसली. चौथ्या दिवशी परतली ती सरळ माझ्या मळ्यात, पायाची धूळही न झटकता.

"तेच आहे वं गोदे. रंगात बांगडीएवढाही फरक नाई. मी निळा अन् मोरपंखी उजेडात धरून वेगळा करणारी बाई, मले चूक होन काय?"

होणार नव्हती. तू सांगशील तो रंग तोच असायचा.

मग तो दिवस. कार्तिक होता. मास्तर येणार असं ठरलं. तू चार दिवस आधी माझ्या घरी मडक्यात केळी आणि पेरू भरून ठेवले, वर ओलं पोतं. सून नाकाले पदर लावून फिरत होती. ठरलं असं की मी मडकं घेऊन सकाळी पुढं जायचं आणि दगडावर ते मांडायचं, आणि तू शहानूरहून मास्तरांना घेऊन वर यायचं. मास्तरांचं जाळं तू नाकेदाराच्या झोपडीत ठेवायले लावलं, हे मी पुढं ऐकलं.

मी गेली. दगडावर सगळं ओतलं. माशा आल्या, गांधील माशा आल्या. मी बाजूले बसली, चांगल्या केळ्यांची टोपलीही सोबत होती, दर्ग्याला जाणाऱ्यांसाठी. तेवढ्यात तेल्हाऱ्याकडच्या दोन बाया चढून आल्या. त्यांनी फुलं घेतली. एकीची नजर दगडावर गेली आणि ती म्हणाली, "काय वं माय, हे तुह्या टोपलीतलं आहे काय?"

जैतून, चाळीस वर्षांत मले हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्या सासूनं मले पहिल्या दिवशी हात धरून शिकवलं होतं, ढिगात लागलेलं फळ दिसलं की बाजूले काढायचं, विचार करायचा नाही. आता विचार न करता हात चालतात. त्या बाया गेल्या, आणि माझ्या डोक्यात मास्तर आले. ज्याच्या घरी रोज माझं फळ जाते तो माणूस येणार आणि गोदा माळीण सडकं मांडून बसलेली. शिकलेला माणूस पहिल्यांदा आपलं काही पाहायले डोंगर चढून येऊन राहिला, आणि त्याच्यासमोर घाण.

माझे हात उठले. मी ते सगळं नाल्यात लोटलं. वाळू घेऊन दगड घासला, पाण्यानं धुतला. पळसाचं पान अंथरलं आणि त्यावर माझ्या टोपलीतली केळ्यांची सगळ्यात देखणी फणी ठेवली, पिवळीधमक, एक डाग नाही. आणि माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. मले वाटलं पाखरूही याच्यावर जास्त येईल. चांगलं समोर असताना सडकं कोण खाईल. तू दोन वर्षं शिकवलेलं मी एका घटकेत धुऊन टाकलं.

तू मास्तरांना घेऊन आली. तुझी नजर दगडावर गेली. एकदाच. मग माझ्या तोंडाकडं आली. मग तू मास्तरांसाठी घोंगडी पसरली आणि म्हणाली, "बसा मास्तर. बोलू नका."

ऊन नाल्याच्या तळाशी आलं. पिवळी पाखरं आली, पांढरी आली, मास्तर हळू आवाजात त्यांची नावं सांगत होते. माझी केळी दगडावर चित्रासारखी बसली होती. मले तोवर समजलं होतं मी काय केलं ते. तोंड उघडेना. तू खोडाकडं पाहत होती, आणि मी तुझ्याकडं. सावल्या लांब झाल्या.

मास्तर म्हणाले, "बाई, आलं नाही."

"नाई आलं," तू म्हणाली. "पायांचा आवाज झाला असन. पुन्हा याल काय?"

ते म्हणाले यादी याच महिन्यात पाठवायची आहे. मग त्यांनी वही काढून आपल्यासमोरच लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, माणूस सरळ होता. नरनाळा, आढळलं नाही. काहीच लिहिलं नसतं तर बरं होतं. तू म्हणाली, "लिहा. तुमाले दिसलं नाई, हे खरं आहे."

एक वाक्य पुरलं असतं तुले. या बाईनं दगड धुतला मास्तर, उद्या या. एवढंच. मास्तर दुसऱ्या दिवशी आले असते. पण मग माझ्या टोपलीतलं सडकं फळ, त्या बायांचं बोलणं, माझी लाज, सगळं मास्तरांसमोर उघडं पडलं असतं. तू माझं तोंड पाहिलं आणि ठरवून टाकलं. ज्याच्यासाठी चिखलदऱ्याचा घाट चढली ते तू माझ्यासाठी दगडावर सोडून दिलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

उतरताना माझी अर्धी टोपली तू घेतली. शहानूरच्या पारावर त्यातलं एक केळ सोललं, अर्धं मले दिलं, म्हणाली, "गोड आहे." आणि त्यावर आपण दोघीही कधी बोललो नाही.

चार वर्षं. दर कार्तिकात तू मास्तरांना विचारायची, ते हसून पाहू म्हणायचे. आणि मी, मले शांत बसवत नव्हतं. मी तुझ्याशी भांडू लागली.

"एक पाखरू धरून दे ना मास्तरले. टाचणीले लावन, संपलं."

"नाई."

"एकानं काय होते वं?"

"त्यानं मास्तरले काय कळन? पेटीतली सारी पाखरं पंख पसरून आहेत. याचं अर्धं काम त पंख मिटण्यात आहे. पेटीत लावलं त ते निळं पाखरू होईन. पान नाई होनार."

"पण तुही गोष्ट खरी ठरन."

"ते आहेच तिथं. मी ठरवू काय?"

मी चिडायची. तुले वाटत असेल गोदा हट्टी आहे. हट्टी आहेच. पण ती चीड कशाची होती ते आता समजते. एक मेलेलं पाखरू मास्तरांच्या पेटीत गेलं असतं तर माझा धुतलेला दगड मिटला असता. तुझ्या गोष्टीपेक्षा मले माझी सुटका पाहिजे होती. आणि त्या भांडणात तू बरोबर होती, पेटीचं तुझं म्हणणं तर मास्तरांच्याही डोक्यात आलं नसतं. हे तेव्हा कबूल केलं असतं तर माझं काय गेलं असतं.

पावसाळा सरता सरता तुले ताप आला. मी तुझ्या खाटेशी बसली होती. तुझी लेक चूल पेटवत होती. तू डोळे मिटूनच विचारलं, "औंदा पेरू कसे आहेत?"

"लागले आहेत बरेच," मी म्हटलं. "पाऊस जास्त झाला."

"मंग फेकू नको."

तू टोमणा मारला, की मस्करी केली, की नुसतं पाखराचं सांगितलं, ते मी अजून ठरवू शकली नाही. तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं असं मले वाटते. मी सांगणारच होती त्या वेळी. लेक चहा घेऊन आली आणि मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या तू ऐकायले नव्हती.

तुझा चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या ओसरीवर गेली. फळं द्यायले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, मडकं, त्या दोन बाया, वाळू, पळसाचं पान, देखणी फणी. मास्तरांनी चष्मा काढला. आता त्यांचे गुडघे दुखतात, केसही गेले.

"चार वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"नाई."

"आणि त्यांनीही सांगितलं नाही?"

"तिनं काहून सांगावं? माह्यी लाज होती."

आतून त्यांच्या बाई म्हणाल्या, "बसून काय राहिलात? जाऊन या की." या वऱ्हाडात राहून त्याही आपल्यासारख्याच ठोक बोलायले लागल्या आहेत.

मी मडकं भरलं. पाच दिवस ठेवलं. आणि ते डोक्यावर घेऊन बाजारातून, उघड्यावर, दिवसाढवळ्या गेली. ओळखीच्या बायांनी नाकाले पदर लावले. एकीनं विचारलं, गोदाबाई, फळं सडली काय. मी म्हटलं, हो, सडवली.

मास्तर गाडीनं शहानूरपर्यंत आले, पुढं काठी टेकत, दर वळणाले थांबत. जाळं आणलंच नव्हतं. उंबरापाशी मी दगडावर सगळं ओतलं, माझ्या बांगड्या कोपराकडं सरकवून चिंधी बांधली आणि बसली. ऊन उतरलं. माशा आल्या. मास्तरांचे डोळे मिटू लागले.

आधी मलेच दिसलं. खोडावर, डोकं खाली, देठ वर.

"हलू नका मास्तर."

"कुठे?"

"खोडावर."

"पान आहे हो ते."

"कोन्या झाडाचं?"

ते पुढं वाकले. पाखरू खाली उतरलं, दगडावर आलं, सोंड घातली, आणि निवांतपणे उघडलं. मिटलं. उघडलं. थोड्या वेळानं दुसरं आलं, पहिल्याले ढकलून बसलं. मास्तर म्हातारे झाले, पण तेव्हा ते सातवी-आठवीतल्या विद्यार्थ्यासारखे दिसत होते. सावल्या लांब होईपर्यंत ते तसेच वाकून पाहत राहिले. तुले हे पाहायले पाहिजे होतं. जवळ बसून तू माझ्या कानात काहीतरी खोडसाळ बोलली असती आणि मी हसली असती, आणि ते उडून गेलं असतं.

मग त्यांनी तीच वही काढली. जुन्या ओळीवर रेघ मारली. नवी ओळ लिहिली आणि मले वाचून दाखवली. नरनाळा, कार्तिक, सावलीतला नाला, उंबराखाली, आंबलेल्या फळावर. मग विचारलं, "पहिल्यांदा कोणी पाहिलं, त्यांचं नाव?"

"जैतूनबी. मनिहारीण. अकोट."

त्यांनी तेही लिहिलं. सुबक अक्षरात, तू असती तर पाहत राहिली असती. नवी यादी जाईल तेव्हा हे जाईल, असं म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, आणखी एक लिहा. चार वर्षांपूर्वी तिनं तुमाले इथी आणलं तेव्हा हे काहून दिसलं नाई, ते."

ते म्हणाले, "बाई, यादीत तसलं काही लिहीत नाहीत. कुठे दिसलं, कधी दिसलं, एवढंच."

"मंग तसलं कुठी लिहितात?"

काठी घेऊन ते उठले.

म्हणून घरी येऊन मी हे लिहिलं. त्या कार्तिकात पाखरू आलं नाही, त्यात जैतूनबीची काही चूक नव्हती. दगड गोदा माळणीनं धुतला. तू असती जैतून, तर हे वाक्य मले लिहू दिलं नसतं.